प्लग हातात होता, तरी आकडा चढत होता

मी केमिस्ट आहे. भूतबित म्हटलं की सगळ्यात आधी हसणारी मीच... त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण जे घडलं ते सांगते.

अंधेरीच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी लॅब आहे. उसाच्या चिपाडाचा भुगा, पाणी आणि रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा कॅटॅलिस्ट बंद भांड्यात घालून मायक्रोवेव्हने तापवलं, की त्यातून फरफ्युरल नावाचं उपयोगी रसायन मिळतं. मायक्रोवेव्ह मशीनची खोली बिनखिडकीची — दाराला वीतभर काच, बस.

शनिवारची दुपार होती. लॅबमध्ये मी आणि माझा सहकारी कांबळे, दोघंच. कांबळे बाहेर होता. मी आत दार लावून भांडं मशीनमध्ये ठेवलं, स्टार्ट दाबणार तोच लाईट गेली. अख्ख्या बिल्डिंगची. यूपीएस, जनरेटर काही नाही. चाचपडत दाराशी गेले तर हँडल नुसतंच गोल फिरायला लागलं.

"कांबळे! दार अडकलंय रे!"

"थांब, स्क्रूड्रायव्हर आणतो. घाबरू नको."

मागे वळले... मशीनचा स्क्रीन पेटलेला! तापमान ११०. १२५. मी प्लग खेचून काढला. प्लग माझ्या हातात, आणि आकडा १४०. दोनशेच्या पुढे भांडं फुटू शकतं, आणि मी त्याच्यापासून चार हातांवर कोंडलेली. दारावर लाथा घालत मी आकडे ओरडत होते — "एकशे साठ! एकशे ऐंशी! लवकर कर ना यार!"

दार उघडलं तशी मी धावत थेट जिना गाठला.

थोड्या वेळाने कांबळे तिथे आला. "स्नेहा, स्क्रीन बंदच होता गं. काचेतून टॉर्च मारून बघत होतो मी. तू काळ्या स्क्रीनकडे बघून ओरडत होतीस."

मी मान्य केलं. अंधार, भीती... झाला असेल भास. भांडं तर त्याने हातानेच उचलून आणलं होतं. थंडगार.

लाईट आल्यावर आम्ही ते उघडलं. कडू बदामासारखा वास नाकात शिरला — फरफ्युरलचा. पिवळा भुगा कुठेच नव्हता. आत काळपट लगदा.

कांबळे मटकन खुर्चीत बसला. "तू स्टार्ट दाबलंच नव्हतंस ना?"

"नाही रे. शप्पथ."

टेस्टमध्येही फरफ्युरलच निघालं. चांगलं भरपूर. कांबळेने लॅबची वही उघडली, पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तापमान काय लिहू?"

तो रकाना अजून रिकामाच आहे.