मेजरटेपचा अँटेना

सोल्डरिंगचा वास आला की मला आवडी नावाच्या शहरातल्या, मामाच्या फॅक्टरी क्वार्टर्सची गच्ची आठवते. मी गावाकडून नोकरी शोधायला मामाकडे आलो होतो आणि हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचं लायसन्स नुकतंच हातात पडलं होतं. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मेजरटेपचे तुकडे बसवले, वायर सोल्डर केली, झाला उपग्रहामार्फत बोलायचा अँटेना! मामी म्हणाली, "कपडे वाळत घालायला बराय." खरी अडचण मामाची होती. मी दिवसभर स्टेशनची अनाउन्समेंट नाहीतर त्याच्या फॅक्टरीतल्या साहेबाचा आवाज काढायचो, त्यामुळे माझं काहीच त्याला खरं वाटायचं नाही. संध्याकाळी उपग्रह वर आला तसा मी अँटेना त्याच्या दिशेनं धरला आणि हातातल्या रेडिओवर हाक दिली. आधी नुसती खरखर, मग कोलंबोहून एका जाड आवाजानं चक्क माझा कॉलसाइन, लायसन्सवरचं माझं सांकेतिक नाव, उच्चारला! मामा हसला, "पुरे कर रे तुझी नक्कल." मी बाटलीतलं पाणी तोंडात भरलं, गाल फुगवले आणि रेडिओ त्याच्या कानाशी धरला. तोच आवाज पुन्हा आला. मामा उडालाच. "अरे गिळ की! बोल त्याच्याशी, उपग्रह जाईल निघून!" मी गिळलं, उत्तर दिलं, आणि पलीकडून "स्पष्ट ऐकू येतंय" असं आलं. आज माझ्याकडे विकतचा, भारी अँटेना आहे. पण पाहुणे आले की मामा त्यांना गच्चीवर नेतो आणि त्या कोलंबोवाल्याचा आवाज स्वतः काढून दाखवतो. अजिबात जमत नाही त्याला, पण तेवढ्यापुरता मी गप्प उभा राहतो, कॉलर ताठ करून.