हुकाचे सहा टाके

तीर्थपुरीच्या बाजारगल्लीत ब्लाउज शिवणारं एक घर आहे. मशीन दोन आणि जावाही दोन. धाकटी तरन्नुम पाठीचे गळे काढते. थोरली अजीजुन्निसा अस्तर जोडते, हातशिलाई घालते, हुक लावते. बारा वर्षं हेच चाललंय.

आता तुम्हीच सांगा, ब्लाउज हातात आला की हुकाकडं कोण बघतं? बाया यायच्या, गळा न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "तरन्नुम, तुझ्या हातात कला हाय गं." शेजारीच बसलेल्या अजीजुन्निसाला म्हणायच्या, "आपा, जरा पाणी देता का?" ती उठून पाणी द्यायची आणि आतून जळायची. खोटं कशाला बोलू, जळायचीच. तरन्नुमनं जेवताना ताटात भाजी वाढली तरी तिला वाटायचं, ही मिरवायलीय.

मग यंदाच्या लग्नसराईत तिनं मनावर घेतलं, आपणही गळेच काढायचे. मोर काढले, लटकनं ओवली. दोघीतिघींनी "हा कुणी काढला?" म्हणून विचारलं आणि बाईचं पोटच भरलं. पण दिवस तेवढाच, हातही दोनच. हुकांच्या वाट्याला चहाआधीची अर्धी घटका उरली. आधी एका हुकाला सहा टाके आणि वर गाठ असायची. आता दोन टाके, चल पुढं. हुकाला कुणी कधी छान म्हटलं होतं, की त्याच्यासाठी डोळे फोडायचे?

त्याच घाईत मालनबाईच्या लेकीचा, आकांक्षाचा लग्नाचा ब्लाउज गेला. चौथ्या दिवशी मालनबाई तणतणत आली आणि तिनं तो तरन्नुमपुढं टाकला.

"अक्षता पडायच्या वक्ताला तीन हुक निघाले. पोरीला शाल पांघरून उभी केली मी. बारा वर्षं झाली तुझ्याकडं शिवून राह्यले, कपडा विरला पण हुक हलला न्हाई. गावभर सांगत होते मी. आताच काय झालं गं तुला?"

तरन्नुमनं मान खाली घातली. जावेकडं बोट केलं न्हाई. "चुकलं काकू, लावून देते," एवढंच म्हणाली.

अजीजुन्निसा गप्प बसली असती तर सुटली असती. पण तिच्या डोक्यात एकच शब्द घुसला होता, गावभर. म्हणजे तिच्या हुकांचं कौतुक गावभर होत होतं, तेही हिच्या नावावर. आणि आता बोलणीही हीच खाऊन राह्यली. तिला ते बिलकुल सोसेना.

"तिला काय बोलता?" ती म्हणाली. "हुक माझे हायेत. हे निघालेले बी, आन् ते बारा वर्षांचे बी."

मालनबाई तिच्याकडं बघतच राहिली. "तुम्ही लावता? मला वाटलं, तुम्ही नुसतं घर बघता."

अजीजुन्निसानं ब्लाउज मांडीवर ओढला आणि सुईत दुहेरी दोरा ओवला. पाणी द्यायला त्या दिवशी तरन्नुम उठली.