दाजींच्या टेम्पोतली हवा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका सावकाश आणि यांच्याइतका सुखरूप टेम्पो अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणी चालवला नसेल. सेलूहून निघालेला त्यांचा कापूस मानवतला पोचेपर्यंत बैलगाडीवालेही पुढे निघून जात, आणि जाताना "दाजी, पुढं काई निरोप सांगायचा हाय का?" असं विचारत. दाजी रागावत नसत. माल चढवण्याआधी ते त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारत, हात लावून बघत, आणि मगच तो कसा बसवायचा ते ठरवत. कासाराच्या बांगड्या सरकीच्या पोत्यांत अशा निजवत की एक टिचत नसे. कापूस भरलेला असला की गाडीत विडी चालत नसे. एकदा माझ्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या सासऱ्यांनी, पेटवली. दाजींनी इंजिन बंद केलं, त्यांना अदबीने हाताला धरून उतरवलं आणि बांधापलीकडच्या बाभळीखाली नेऊन बसवलं. "मामा, निवांत ओढा. मी थांबतो." वडील आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

नामांतराच्या आंदोलनाच्या वर्षांत, एका हिवाळ्यात, आमच्या भागातल्या धरणाचा दरवाजा अडकला. खाली कुठेतरी ओंडका रुतला होता. दरवाजा बंद होईना आणि उन्हाळ्यासाठी साठवलेलं पाणी वाहून चाललं. मुंबईहून एक पाणबुड्या रेल्वेने परभणीला आला, सोबत पाठीवर बांधायच्या हवेच्या सहा टाक्या. त्या धरणावर न्यायला इंजिनिअरसाहेबांनी दाजींचा टेम्पो ठरवला. का, ते देव जाणे. मी सुट्टीवर होतो, म्हणून बरोबर गेलो.

स्टेशनावर हमालांनी टाक्या टेम्पोत दुधाच्या कॅनसारख्या उभ्या ठेवल्या होत्या. दाजींनी पाणबुड्याला विचारलं, "ह्या पडल्या तर?"

"हवा दाबून भरलीय. तोंड मोडलं तर टाकी तोफेच्या गोळ्यासारखी सुटेल. आणि इथं परत भरून मिळायची नाही."

"मंग ह्यो तुमचा पान्यातला दम हाय म्हना की," असं म्हणून दाजींनी साऱ्या टाक्या खाली उतरवल्या. स्टेशनामागच्या घरी जाऊन ताईच्या नव्या कोऱ्या गोधड्या आणल्या. त्यांवर टाक्या आडव्या निजवल्या, तोंडं मागच्या बाजूला. दोन्हीकडून सरकीची पोती ठासली. वर ऊन लागू नये म्हणून ओली गोणपाटं घातली. तासभर गेला.

"अहो, पाणी चाललंय तिकडं!" साहेब ओरडले.

"पानी चाललंय म्हनून हवा बी घालवायची व्हय, सायब?"

वाटेत आंदोलनातल्या पोरांनी रस्त्यावर दगड टाकले होते. पोरं पुढे आली. "काय हाय गाडीत?"

"हवा."

"हवा न्यायला टेम्पो लागायलाय व्हय?" पोरं हसली. दाजींनी मागची ताडपत्री उचलून दाखवली, दरवाजाचं सगळं सांगितलं. पोरं दगड बाजूला करू लागली. गाडीत बसलेल्या साहेबांनी "आता चला" म्हणून हात जोडले, पण दाजी खाली उतरून म्हणाले, "बाबांनो, ती बारकी खडी बी काढा. धक्का बसंल." आणि पोरांनी तीही काढली!

धरणावर पाणबुड्याने एकेक टाकी तपासली. एकीचाही दाबाचा काटा हलला नव्हता. पाच टाक्या संपल्या तरी ओंडका निघेना. सहावी, शेवटची, बांधून तो पुन्हा उतरला आणि ओंडका सुटला. दरवाजा बसला आणि पाण्याचा गर्जणारा आवाज एकाएकी थांबला. लोकांनी साहेबांना हार घातला. पाणबुड्या मात्र ओल्या अंगानेच टेम्पोपाशी आला. "खाली स्वतःचा हात दिसत नव्हता," तो म्हणाला, "पण टाकी दगा देणार नाही, एवढं माहीत होतं."  दाजी मागे जाऊन रिकाम्या टाक्या पुन्हा गोधड्यांत निजवू लागले, अगदी तशाच.

घरी ताईने विचारलं, "काय म्हनले सायब?"

"गोधड्या भिजल्यात. उन्हात घाल."

त्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी आलं. बायका काठावर धुणं धूत, आणि शेजारच्या रस्त्याने दाजींचा टेम्पो सावकाश जात असताना एकही मान वर होत नसे. त्यांना ते चालायचं. मला कधीच चालायचं नाही. पण ते हयात असेपर्यंत, हे पाणी कुणामुळे टिकलं ते त्यांनी मला कुणाला सांगू दिलं नाही.