सातव्या महिन्याचा टॉवेल

गिरिजाअक्काला विचारल्याशिवाय आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला शिंकसुद्धा येत नाही, असं तिचं स्वतःचं मत होतं. कोणाचं बारसं असो, साखरपुडा असो की तेरावं असो, अक्का पदर खोचून पुढे. भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या बाजूला आमची चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर आमची दारं. गिरगावची खोली विकून आम्ही इथे आलो तेव्हा शेजार कसा मिळतो याची मला काळजी होती. मिळाला तो हा असा.

अक्का मूळची गुहागरकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धाकट्या भावाला, महिपतला, तिने लोकांची धुणीभांडी करून वाढवलं. हे खरंच आहे आणि मोठंही आहे. पण ते ती दिवसातून तीनदा ऐकवायची, डॉक्टरने लिहून दिल्यासारखं. महिपत स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचा. दिवसभर मशीनच्या घरघरीत राहून त्याची वाचा गेली होती की ती अक्कानेच खाल्ली होती, देव जाणे. घरात त्याच्या तोंडून तीनच शब्द निघत. "अक्का म्हणेल तसं." असल्या पुरुषाला बायको मात्र मिळाली मंदा.

मंदाच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, अंगारे-धुपारे झाले, अक्काने सांगितलेले सोळा सोमवार दोनदा झाले. २००३ साली एके दिवशी मंदाने पेपरातलं एक कात्रण पर्समध्ये घातलं, नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावली आणि मुंबईतल्या एका संस्थेत जाऊन मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून आली. परत आल्यावर ती थेट माझ्याकडे आली. त्यांच्याकडे फोन नव्हता म्हणून फॉर्मवर तिने माझा नंबर दिला होता. "कोणाला बोलू नका हां, वहिनी," ती म्हणाली. मी नाही बोलले.

मग कागद सुरू झाले. मूल होण्यासाठी बाकीच्या जगाला एक कागद लागत नाही, या दोघांना पिशवीभर लागले. लग्नाचा दाखला हवा, तर यांच्याकडे फक्त लग्नपत्रिका आणि अक्काची साक्ष. महिपतच्या जन्मतारखा दोन, एक शाळेची आणि एक रेशनकार्डावरची, आणि दोन्ही खोट्या. गाळ्याच्या शेठकडून पगाराचं पत्र, दोघांच्या रक्ताच्या तपासण्या, ओळखीच्या तिघांची पत्रं. आपल्याला मूल का हवं ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं, त्यात मंदाने चार पानं लिहिली. महिपतने लिहिलं, "मंदाला हवं आहे. मलाही." मी ते वाचलं तेव्हा हसले होते.

शेवटचा कागद राहिला. उद्या दोघांना काही झालं तर मुलाला मी सांभाळीन, असं जवळच्या नातेवाइकाने लिहून द्यायचं होतं. जवळची म्हणजे अक्काच. मंदाने घाबरत घाबरत पत्र पुढे केलं.

अक्का आठ दिवस रुसली आणि नवव्या दिवशी योजना घेऊन उठली. सही देईन, पण एका अटीवर. मूल आणलेलं आहे हे बिल्डिंगला कळता कामा नये आणि गावाला तर नाहीच नाही. मंदाला दिवस गेलेत असं सांगायचं. आठव्या महिन्यात ती माहेरी चिपळूणला जाईल आणि मूल घेऊनच परतेल. "शाळेत पोरं 'आणलेला, आणलेला' करून चिडवतील," ती मला म्हणाली, "तेव्हा ती संस्थावाली येणाराय काय डोळे पुसायला?" काळजी खरी होती, नाही म्हणत नाही. पण अक्काची काळजीसुद्धा दुसऱ्याच्या कमरेला नाडी बांधूनच थांबायची.

ती तिने खरोखरच बांधली. चौथ्या महिन्यात परकराच्या आत नॅपकिन, पाचव्यात पंचा, सहाव्यात घडी केलेली उशीची खोळ. सातव्यात गुलाबी टर्किश टॉवेल, चारपदरी, वरून नाडीचे दोन वेढे. आमच्या घामट हवेत ती बाई टॉवेल पोटाशी बांधून तीन जिने चढायची. कमरेवर वळ उठले होते, मी पाहिलेत. मी म्हटलं, "फेकून दे ते." ती म्हणाली, "आधी सही होऊ दे, वहिनी."

या सगळ्यात एक क्षुल्लक गोष्ट अक्काच्या ध्यानात आली नव्हती. संस्था काही नऊ महिन्यांत मूल देत नाही. वर्ष लागेल, दीडही लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण अक्काने बोटांवर मोजून तारीख काढली होती आणि सगळ्या सरकारी-निमसरकारी जगाने त्या तारखेला हजर व्हावं अशी तिची अपेक्षा होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

संस्थेची सोशल वर्कर संचिता एकदा घर बघून गेली होती, तेव्हा मंदाचं पोट पंच्यापर्यंत आलं होतं. अक्काने तासापुरतं ते सोडायला लावलं आणि मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसे पोहे केले. माझ्याकडचे कप नेले. संचिता पंचविशीतली, खांद्याला कापडी पिशवी. तिने विचारलं, "मुलाला तो दत्तक आहे हे कधी सांगणार?" मंदा म्हणाली, "कळायला लागल्यापासून." अक्का जोरात म्हणाली, "तर! सांगायलाच पायजे." उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग डोहाळजेवण आलं. त्याशिवाय बिल्डिंगचा विश्वास बसणार नाही, असं अक्काचं म्हणणं. शनिवार ठरला, दुपारी चारची वेळ. हिरवी साडी माझी, फुलांची वाडी स्टेशनजवळच्या माळ्याकडून आणि फोटोला स्टुडिओवाला. गावाला पाठवायला पुरावा नको का? डोहाळजेवणानंतर सही करते, असंही तिने कबूल केलं.

शुक्रवारी माझ्याकडे फोन आला. संचिता होती. "उद्या दुसरी भेट आहे, संध्याकाळपर्यंत पोचते. मंदाताईंना सांगाल?" मंदा बाजारात गेली होती. मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "संध्याकाळ म्हणजे सात वाजले. असली माणसं कधी वेळेवर आलीत? तोवर सगळं आवरतं. मंदाला नको सांगूस गो, उगाच घाबरेल."

आणि मी सांगितलं नाही. कशाला खोटं बोलू? मला अक्काची फजिती बघायची होती. मंदाचं काय होईल हा विचार मला शिवला नाही असंही नाही. शिवला आणि मी तो बाजूला सारला.

साडेचारला खोलीत पंधरा-वीस बायका होत्या. मंदा खुर्चीत, अंगभर मोगऱ्याची वाडी, पोटावर फुलांचा पट्टा. गाणं रंगात आलेलं. समोर दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मंदाने हात पुढे केला आणि दारात संचिता उभी.

तिच्या मागे महिपत, हातात थंड बाटल्यांचा क्रेट. तो जिन्यातच तिला भेटला होता आणि अर्थातच काही बोलला नव्हता.

अक्का मात्र डगमगली नाही. बाईची जिगर म्हणावी की निर्लज्जपणा? "ये गो ये! ही आमची ठाण्याची भाची," तिने सगळ्यांना सांगितलं आणि संचिताच्या हातात नारळ ठेवला. "भर बघू मामीची ओटी!"

संचिताने नारळ खाली ठेवला. ती मंदाजवळ गेली. आवाज हळू होता, पण मी शेजारीच होते. "मंदाताई, आनंदाची गोष्ट आहे. असं असेल तर मी फाईल बंद करते. फक्त तुमच्या तोंडून ऐकते. कितवा महिना?"

"सातवा," अक्का म्हणाली.

"मी त्यांना विचारलंय."

फाईल कसली, ते बाकी कोणाला कळलं नाही. मंदाला कळलं. सातवा म्हणाली तर मूल गेलं. नाही म्हणाली तर वीस बायकांसमोर अब्रू गेली आणि सहीही गेली. तिने महिपतकडे पाहिलं. क्रेट अजून त्याच्या हातातच होता. "अक्का..." तो म्हणाला. "गप रे," अक्का म्हणाली. आणि तो गप्प झाला. मला त्या क्षणी त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

मंदा उठली. फुलांचा पट्टा काढला, निऱ्यांत हात घालून नाडीची गाठ ओढली आणि गुलाबी टॉवेल बाहेर काढून हातात धरला. "मला दिवस गेलेले नाहीत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आम्ही मूल दत्तक घेतोय. फाईल बंद करू नका, मॅडम."

त्याच वेळी फ्लॅश उडाला. स्टुडिओवाल्याला कोणीतरी थांब म्हणायला हवं होतं.

तळमजल्यावरची गुजराती बेन तेवढी म्हणाली, "अरे, तो इसमें छुपाने का क्या था?" दोघी-तिघींनी मंदाच्या पाठीवर हात ठेवला. बाकीच्यांनी चपला शोधल्या. फसवलं म्हणून तोंडं फुगवून गेल्या, जाताना नारळाच्या वड्यांचे पुडे न्यायला मात्र एकही विसरली नाही. संस्कृती म्हणतात ती हीच असावी.

संचिता रात्री आठपर्यंत बसली. फाईल बंद झाली नाही, पण तीन महिने थांबवली. दोघांनी संस्थेत येऊन बोलायचं, अक्कानेही यायचं आणि ते पत्र मनापासून द्यायचं असेल तरच द्यायचं. अक्काने पिशवी भरली आणि वरसाव्याला चुलतबहिणीकडे निघून गेली. मंदाला मी फोनचं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "साडी धुऊन देते, वहिनी." मला त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. ओळखीच्यांच्या तीन पत्रांत चौथं मी तेव्हा लिहून दिलं, न मागता.

पंधरा दिवसांनी अक्का परतली. वरसाव्याला तिचं कोणी ऐकत नसणार, दुसरं काय? आल्या आल्या तिने पत्र मागितलं, पेन नीट चालत नाही म्हणून महिपतवर डाफरली आणि वाकड्या अक्षरात सही ठोकली. संस्थेतही गेली. तिथे काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही.

२००५ च्या दिवाळीआधी नेहा घरी आली, नऊ महिन्यांची. पुढे ठाण्याच्या कोर्टाचा हुकूम आला आणि महिपतने गाळ्यात पेढे वाटले. म्हणे तिथे तो पाच मिनिटं बोलला. मी नव्हते, त्यामुळे खात्री देत नाही.

स्टुडिओवाल्याचा तो फोटो मंदाने टाकला नाही. नेहाच्या अल्बमच्या पहिल्या पानावर तोच लावला. अंगभर मोगरा, हातात टॉवेल, मागे अक्काचं उघडं राहिलेलं तोंड. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे बसले होते. नेहा आता चार वर्षांची. तिने अल्बम अक्काच्या मांडीवर आणून आपटला.

"आत्या, हा माझा टॉवेल ना?"

"टॉवेलमध्ये नव्हतीस गं तू," मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "सांगितलंय ना तुला?"

"माहितीये. दुसऱ्या आईच्या पोटात, मग संस्थेत, मग इथे." नेहाने बोटं मोजली. मग फोटोवर बोट ठेवून अक्काकडे पाहिलं. "पण हा तू बांधला होतास ना? घट्ट बांधला होतास? नाहीतर मी पडले असते."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी आता काहीतरी टोचून बोलणार, याची वाट बघत असावी. माझ्या जिभेवर होतंही. पण तिचे डोळे भरले होते, आणि तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मी बांधला तो चुकीचा बांधला गो," ती नेहाला म्हणाली. "तुझ्या आईने सोडला, म्हणून तू आलीस."