जनूभाऊंचे क्रूझरवेट

जनूभाऊंची आणि माझी शेवटची भेट एका लग्नात झाली. खालापूरजवळच्या एका गावात, भाताच्या मोकळ्या खाचरात मांडव घातला होता. मंगलाष्टका सुरू झाल्या, सगळे अक्षता हातात घेऊन उभे, आणि जनूभाऊ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "डॉक्टरताई, नवरा पंच्याऐंशी किलो. खांदे बघा, खांदे! फुकट चाललाय ओ." मी हसू दाबण्याच्या नादात अक्षता टाकायच्याच विसरले. वैनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मागून त्यांचा सदरा ओढला. "अवो, आशीर्वाद द्यायला आलाय का नवऱ्याला तोलायला?" त्यावर जनूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "दोनी." आणि जेवताना खरोखरच त्या नवऱ्याला गाठून त्यांनी विचारलं, की बाबा, हळद उतरली की साजगावला एकदा येऊन जाशील का...

त्यानंतर पंधरवडाही झाला नसेल, दुपारी त्यांच्या तालमीतल्या सचिनचा फोन आला. जनूभाऊ जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. सत्तरी ओलांडलेला माणूस, भरल्या पोटी, झोपेत गेला. "असं मरण सगळ्यांना येवो" असं सगळे म्हणत होते. मला मात्र पहिल्यांदा त्या नवऱ्या मुलाची आठवण झाली. आता त्याला बोलावणार कोण?

ज्यांना जनूभाऊ माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ते सैन्यात असताना बॉक्सिंग शिकले. परत आल्यावर मोहोपाड्याला एका कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून राहिले आणि तिथून निवृत्त झाल्यावर खोपोलीजवळच्या साजगावातल्या एका रिकाम्या गोदामात त्यांनी दोरखंड बांधून रिंगण उभं केलं. बारीक चणीची मुलं तिथे भरपूर यायची. पण जनूभाऊंचा जीव अडकला होता क्रूझरवेटमध्ये. हे व्यावसायिक बॉक्सिंगमधलं साधारण ऐंशी ते नव्वद किलोंचं वजन. त्याच्यावर फक्त हेवीवेट, म्हणजे अगदी थोराड गडी. "हा मधला माणूस सापडणं कठीण," ते सांगायचे. "जड पायजे आणि हलका बी पायजे. म्हशीचं वजन नि मांजराचे पाय. आपल्याकडं एक तर मांजर भेटतं नायतर म्हैस."

माझी ओळख झाली तीही अशाच एका गड्यामुळे. मी कर्जतला दातांचा दवाखाना चालवते. एका सकाळी एक धिप्पाड तरुण तोंडाला रुमाल लावून आत आला आणि त्याच्यामागून हे गृहस्थ, हातात तांब्या. तांब्यात दूध, दुधात दात. "सरावात पडला," ते म्हणाले. "दुधात घालून आणला. लावता येईल ना?" दात लावला, तो राहिलाही. त्यानंतर त्यांच्या सगळ्या गड्यांसाठी दातांवर बसवायची गमशील्ड मीच बनवू लागले आणि त्या निमित्ताने साजगावच्या गोदामात माझं जाणंयेणं सुरू झालं. बॉक्सिंग मला आवडत होतं असं नाही. सुरुवातीला मी प्रत्येक ठोशाला डोळे मिटून घ्यायचे. जनूभाऊ गंमत म्हणून मला माणसं कशी बघायची ते शिकवायचे.

त्यांची परीक्षा मजेशीर होती. नवीन माणूस आला की ते आधी त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. तो दोरीवरच्या उड्या मारायचा, पिशवीवर ठोसे घालायचा, आणि हे भिंतीकडे तोंड करून त्याची पावलं ऐकायचे. धपधप आवाज आला की मान हलायची. मग त्याला घेऊन ते माथेरानला जायचे आणि पायवाटेने खाली नेरळपर्यंत उतरवायचे. "जड माणूस चढतो कसा ते कुणी बी बघंल. मी उतरताना बघतो. गुडघं काय बोलतात ते ऐकायचं." माथेरानला सामान वाहणाऱ्या, घोडे हाकणाऱ्या कितीतरी जणांना त्यांनी रस्त्यात थांबवून वजन विचारलं असेल. एक-दोघांनी त्यांना विमा एजंट समजून पिटाळलंही होतं.

या सगळ्या धडपडीतून सचिन मिळाला. साजगावातच एका कारखान्यात माल चढवायचं काम करायचा. उंच, रुंद, आणि पावलांचा आवाज नाही! जनूभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते ते वळून बघायला लागले, की हा थांबला की काय. त्याचा उजवा हात तर असा होता, की समोर पॅड धरून उभे राहिलेले जनूभाऊच दोन पावलं मागे जायचे आणि तोंडभर हसायचे. वर्षभरात सचिनने आसपासच्या स्पर्धा मारल्या. त्याचे व्हिडिओ सगळ्या खोपोलीच्या मोबाइलवर फिरू लागले, आणि एक दिवस मुंबईहून एक आयोजक त्याला बघायला आला. नवी मुंबईत व्यावसायिक लढती ठरत होत्या आणि त्याला क्रूझरवेटला चांगला मराठी मुलगा हवा होता.

त्या दिवशी मी तिथेच होते. सचिनने सरावाच्या जोडीदाराला दुसऱ्याच फेरीत बसवलं. आयोजक खूश. त्याने जनूभाऊंना विचारलं, "मग, पाठवताय ना?" जनूभाऊ म्हणाले, "नाय. तयार नाय अजून."

सचिनचा चेहरा उतरला. "काय कमी हाय माझ्यात, भाऊ?"

"मारल्यावर बघत उभा राहतोस रं. ठोसा कसा लागला, काय लागला... फोटो काढल्यासारखा. तेवढ्यात समोरचा जागा झाला तर?"

"समोरचा जागा व्हतच नाय ना!" सचिन म्हणाला. सगळे हसले. जनूभाऊही हसले, पण त्यांनी शब्द बदलला नाही. सचिनने तिथेच हातमोजे काढले आणि त्या आठवड्यातच तो पनवेलच्या दुसऱ्या तालमीत दाखल झाला. त्या दिवशी गोदामातून निघताना मी जनूभाऊंशी भांडले. म्हटलं, तुम्ही मुलाची संधी घालवलीत. ते शांतपणे म्हणाले, "संधी परत येते, ताई. हनुवटी एकच असते."

सचिनने पहिली लढत जिंकली. दुसरीही जिंकली, तीही पहिल्याच फेरीत. खोपोलीच्या नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागला. लोक जनूभाऊंना टोमणे मारायचे, म्हाताऱ्याला पोराचं बघवत नाही म्हणायचे. आणि हा माणूस त्या फ्लेक्सखाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमचा पोरगा हाय. बघा, कसा दिसतो!" मी विचारलं, तुमचा अंदाज चुकला का? "चुकला आसंन," ते म्हणाले. "चुकला तर बरंच हाय ना. देवाला मी रोज तेच सांगतो."

तिसऱ्या लढतीत सचिनने तोच उजवा मारला, समोरचा डगमगला, आणि सचिन क्षणभर बघत राहिला. समोरच्याचा डावा हात कुठून आला ते त्याला आजही सांगता येत नाही. जबडा मोडला. शस्त्रक्रिया झाली, वरचे-खालचे दात तारेने बांधले. आयोजक फिरकला नाही, फ्लेक्स उतरला. मी त्याला बघायला हॉस्पिटलात गेले तर जनूभाऊ आधीच तिथे खुर्ची ओढून बसलेले. वैनींनी केलेली नाचणीची पातळ पेज थर्मासमध्ये आणली होती, आणि सचिन ती नळीने ओढत होता.

"बरं झालं, आता तू मधी बोलणार नायस," जनूभाऊ त्याला सांगत होते. "इतकी वर्सं शिकवतोय, पण असा ऐकणारा भेटला नव्हता."

ते तासभर बोलले. पावलं, हनुवटी, मारून बाजूला कसं सरकायचं, मोहोपाड्याच्या कँटीनमधली भजी, सैन्यातला एक सरदार मित्र... सगळं. "मी सांगितलं होतं" हे एक वाक्य मात्र आलं नाही. मी वाट बघत होते ते यायची. सचिनही बहुधा वाट बघत होता. निघताना जनूभाऊंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, "तार सुटली की ये. पिशवी तुझी वाट बघतीय." सचिनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याला हसूही येत होतं, पण बांधलेल्या जबड्याने हसता येईना. "हसू नको रं, टाके तुटतील, ताई माझ्यावर चिडतील!" जनूभाऊ म्हणाले.

सचिन आला. पुढची दीड-दोन वर्षं जनूभाऊंनी त्याला एकच गोष्ट शिकवली. मारायचं आणि तिथे राहायचं नाही. त्याच्यासाठी मी नवीन, जाड गमशील्ड बनवलं. गेल्या हिवाळ्यात पुण्यात त्याची पुनरागमनाची लढत झाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून एक पूर्ण लढत बघितली. खरं सांगू? फार कंटाळवाणी झाली. सचिन मारायचा आणि सरकायचा, मारायचा आणि सरकायचा. मागचे प्रेक्षक ओरडायला लागले, मोबाइल खाली गेले. फक्त कोपऱ्यात टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिलेला एक म्हातारा आनंदाने जवळजवळ नाचत होता. पंचांनी सचिनचा हात वर केला तेव्हा जनूभाऊ मला म्हणाले, "बघितलंत? एकदा बी बघत उभा राहिला नाय!" परतीच्या गाडीत खोपोलीचा घाट उतरेपर्यंत ते त्या लढतीची प्रत्येक फेरी तोंडाने खेळत होते. सचिन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता, आणि ते लक्षातही न येता जनूभाऊ बोलतच होते.

साजगावचं गोदाम आता सचिन सांभाळतो. परवा वैनी माझ्या दवाखान्यात आल्या. त्यांचा दात दुखत होता, पण ते निमित्त असावं. काम झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ह्यांच्या कवळीसाठी तुमी माप घेतलं होतंत ना, त्याचं काय झालं?" मी कपाट उघडलं. जनूभाऊंच्या तोंडाचा पांढरा प्लास्टरचा साचा, वरचा आणि खालचा, शेजारी शेजारी ठेवलेला होता. कवळी तयार होईपर्यंत ते थांबले नाहीत, आणि साचा टाकून द्यायला माझा हात धजला नव्हता.

वैनींनी दोन्ही भाग हातात घेतले. इतकी वर्षं बघितलेला, उरलेला एकच सुळा अंगठ्याने चाचपला, आणि वरचा भाग अलगद खालच्यावर बसवला. तोंड मिटलं. त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो वरचा भाग पुन्हा उचलला आणि बाजूला ठेवला.

"राहू दे उघडंच," त्या म्हणाल्या. "गप बसलेलं नाय बघवत गं मला."