माझ्या नावावरचे फाऊल

सरांनी मला फसवलं. आणि माझाच हात वापरून फसवलं.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमचे क्रीडाशिक्षक माईकवर बोलत होते. "आपली बास्केटबॉलची टीम का हरली? बचाव ढासळला. कुणामुळं? ह्या तापट गड्यामुळं," त्यांनी माझ्याकडं बोट केलं. " दर मॅचला पाच फाऊल, की बाहेर! लोहाऱ्याच्या बाजारात शेळ्या ओढायची सवय, दुसरं काय!"

सगळं कॉलेज हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसला आमचा कॅप्टन, संस्थाध्यक्षांचा मुलगा.

ते फाऊल त्याचे होते.

बचावाला मागं धावायचा त्याला कंटाळा. समोरचा निसटला की हा मागून शर्ट ओढायचा. आमच्याकडं रीत अशी की, फाऊल करणाऱ्यानं स्वतःच हात वर करायचा. बास्केटखालच्या गर्दीत पंचाला नीट दिसत नाही. ज्याचा हात वर, त्याच्या नावावर फाऊल.

पहिल्या मॅचआधी सरांनी मला सामानाच्या खोलीत नेलं. दार लावलं. म्हणाले, "त्याला बाहेर बसवता येत न्हाय. त्यानं फाऊल केला की हात तू वर करायचा. तुमच्यासारख्यांच्या नावाला काय डाग लागतोय?"

डोकं भणभणलं. पण मी शेळ्यांच्या सौद्यात वाढलेला, फुकट काही देत नाही. म्हटलं, "मग विद्यापीठाच्या निवडीला माझं नाव पाठवा."

"व्हय, पाठवतो की." त्यांनी हात पुढं केला. आमच्या बाजारात हातात हात दिला की सौदा पक्का. मी तेवढ्यावर विसंबलो. दार का लावलं, हे विचारलं नाही. माझी चूक तीच.

दर मॅचला मध्यंतरानंतर मी बाकावर. सगळ्यांत चिवट बचाव करणारा बाहेर, आणि कॅप्टन पलीकडं समोरच्यांच्या बास्केटपाशीच उभा. समोरचे सरळ आत घुसायचे.

निवडीला नाव त्याचं गेलं. शिफारशीत लिहिलं होतं: शिस्तीचा खेळाडू, फाऊल नगण्य.

टीममधली बाकीची पोरंही स्नेहसंमेलनात हसत होती. त्यांना सगळं ठाऊक होतं, असंच मी धरून चालतो.

मी हॉलमध्ये उभा राहिलो. सर म्हणाले, "बोलायचं आसंल तर आधी हात वर कर."

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. "न्हाय करणार. ते फाऊल कुणाचे, सर?"

माईक बंद झाला.

माझा प्रश्न बंद झालेला नाही. त्याच माईकवर, त्याच कॉलेजसमोर, सरांनी सांगावं. कॅप्टननं शेजारी उभं राहावं. आणि त्या सगळ्या फाऊलांसाठी हात त्यानं वर करावा.