तीन ठोके

दुपारचे अडीच. तोक्योतल्या एका तळघरात, रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या सोफ्यावर मिचियो नुसती पाठ टेकते. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी तिचा पाय बाजूला ढकलतं.

"मिची, सरक. जाडी झालीस."

कानाए. बँडची ड्रमर, शाळेपासूनची मैत्रीण. तिला जाऊन आज एकोणपन्नास दिवस झाले; तिकडच्या समजुतीप्रमाणे आत्मा निरोप घेतो तो दिवस. तिच्या फोटोपुढे रोज सकाळी पाणी ठेवायचा नेम मिचियोने एकदाही मोडलेला नाही.

"आणि पाणी काय ठेवतेस गं रोज? मी काय चिमणी आहे?"

मिचियो हसते. सोफा आता शाळेच्या संगीताच्या वर्गात आहे. खिडकीबाहेर मात्र महामार्ग पळतोय, बावीस वर्षं त्यांच्या व्हॅनमधून दिसायचा तसाच.

"कंपनीला आपली पहिली रेकॉर्ड पुन्हा काढायचीय," मिचियो हळूच सांगते. "तुझे ड्रम पुसून मशीनचे घालणार. आज मला हो की नाही ते सांगायचंय."

"काय बिघडलंय माझ्या ड्रमचं?"

"म्हणतात, गाणं सुरू होण्याआधी काठ्यांचे चार ठोके हवेत. तीन ही चूक आहे."

चूकच होती. शाळेच्या संमेलनात तिसऱ्या ठोक्याला कानाएची एक काठी निसटली. चौथ्याची वाट न बघता बाकीच्या तिघी वाजवत सुटल्या, आणि ही उरलेल्या एका काठीने त्यांच्यामागे. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक गाणं तिनावरच उठतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हणाले."

"एवढी गरीब गाय कधी झालीस? मुख्याध्यापकांनी गिटार काढून घेतली, तेव्हा त्यांच्या दारात बसून गात होतीस."

"तेव्हा तू होतीस."

"आता नाहीये, म्हणून तर. चूक माझी आहे. ती दुरुस्त करणारे हे कोण?" कानाए आपल्या काठ्या तिच्या हातात कोंबते. "मोज."

मिचियो काठीवर काठी मारते. एक. दोन. तीन.

फोन वाजतोय. सोफा तळघरातच आहे. उजव्या तळव्यात काहीतरी खुपतंय. फिक्या लाकडाची बारीक कुसळ. कानाएच्या काठ्या मिचियोने स्वतःच्या हातांनी तिच्या शवपेटीत ठेवल्या होत्या. तिच्याबरोबरच त्या जळाल्या.

ती कुसळ काढत नाही. मूठ मिटते, फोन उचलते.

"झाला का विचार?" कंपनीचा माणूस विचारतो.

"झाला," ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणते. "रेकॉर्ड आहे तशी निघेल, नाहीतर निघणार नाही. आमच्यात तीनच मोजतात."